पेढीकाठी घेतलेलं नाव

ही घटना खरी आहे.

ज्यांना पटणार नाही, त्यांच्याशी वाद घालायचा नाही. जिच्या बाबतीत ती घडली, ती बाई रंगवून सांगणाऱ्यांतली नव्हती. शकुननं हे आयुष्यात एकदाच सांगितलं. तेही भर दुपारी, घरातल्या बायकांसोबत तूर निवडता निवडता. सांगून झालं आणि ती पुन्हा सुपातले खडे वेचायला लागली.

वऱ्हाडचा कारभार तेव्हा मध्यप्रांताच्या नागपूरहून चालायचा. लढाई अजून सुरू व्हायची होती. पौष महिना, हाडात शिरणारी थंडी. अमरावतीपासून बैलगाडीनं सहज गाठता येणारं वलगाव, आणि वलगावच्या बाहेर पेढी नदीच्या काठचा संत्र्याचा बगीचा.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवलेली बरी. भूत मध्यरात्री येतं, या हिशेबानं कोणी वाचायला बसलं असेल तर त्याची निराशा होईल. त्या रात्री काहीच झालं नाही.

जे झालं ते दिवेलागणीला झालं.

आणि मग उजाडल्यावर...

शकुन वलगावच्या माळ्याची लेक. तिचा भाऊ पंजाबराव शेवंती आणि वांगी लावायचा, संत्र्याचा बगीचाही त्याचाच. शकुनचा नवरा गोवर्धन अमरावतीच्या एका जिनात फिटर होता. कापसाचं जिन हंगामात रात्रंदिवस चालतं, आणि त्या घरघराटात उभं राहून राहून गोवर्धनचे कान गेले होते. ठार बहिरा नव्हता तो. पण बारीक आवाज त्याच्यापर्यंत पोचत नसत. पाऊल वाजलेलं, भांडं ठेवलेलं, कोणी हळू हाक मारलेली, यातलं काहीच नाही. त्यामुळे तो स्वतः कायम ओरडून बोलायचा. "च्या दे" म्हणाला तरी चाळीतल्या शेवटच्या खोलीत वाटायचं, झालं यांचं भांडण सुरू.

आणि त्याला काही सांगायचं तर शकुनलाही ओरडावंच लागायचं.

लग्नाला काही वर्षं झाल्यावर तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी. भादव्यात मुलगा झाला. त्या दिवसांत पेढीला पूर आला, रस्ता बंद झाला आणि गोवर्धन अमरावतीला अडकला. बारशाला तर जायचंच आहे, असं तो जिनातल्या लोकांना सांगत राहिला.

बारसं झालं नाही. त्याच्या आधीच लेकरू गेलं.

पूर ओसरल्यावर गोवर्धन पोचला तेव्हा झोळी सोडून, धुऊन, वाळवून, घडी करून ठेवलेली होती. त्यानं पाहिली ती फक्त घडी.

लहान लेकरांना जाळत नाहीत, पुरतात. आणि पुरायला बायका जात नाहीत. पंजाबराव लेकरू घेऊन गेला आणि रिकाम्या हातानं परत आला. कुठं पुरलं हे शकुनला कोणी सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही.

तेव्हापासून शकुनला काही वाटेनासं झालं.

दुःख झालं, रडू आलं, असं काही नाही. काहीच नाही. भाकरी थापायची, पाणी भरायचं, जिनात डबा पाठवायचा. चुलीचा चटका बसला तर हात लाल झालेला तिला दिसायचा, मग कळायचं. गोवर्धन समोर बसून जेवायचा. त्याला विचारायचं असायचं, लेकरू दिसायला कसं होतं. तिला सांगायचं असायचं. पण ते ओरडून सांगावं लागलं असतं, आणि चाळीतल्या भिंतींना कान होते. म्हणून दोघंही गप्प राहिले. चार महिने.

पौषात जिनाचं इंजिन बिघडलं. मुंबईहून सामान येईपर्यंत जिन बंद. कापसाच्या ऐन हंगामात फिटरला दोन दिवस मोकळे, असं कधी झालं नव्हतं.

गोवर्धन दारातूनच ओरडला, "चाल, वलगावले जाऊ. तुह्या भावाच्या बगीच्यात."

"काहून?"

"काहून म्हंजे? हुरडा खाऊ, संत्री खाऊ. तू अन् मी. दुसरं कोनी नाई."

"लोक काय म्हनतीन?"

"म्हनू दे. मले कुठं ऐकू येते?"

शेजारची माणिकबाई भिंतीपलीकडून हसली. शकुनलाही हसू यायला हवं होतं. आपल्याला ते आलं नाही, एवढं तिच्या लक्षात आलं.

जाताना त्यानं बाजारातून तिच्यासाठी शेवंतीची वेणी घेतली. बैलगाडीत बसल्यावर तिनं ती हुंगली.

"अवो, हे तं पंजाबभाऊच्या वावरातली शेवंती आहे!"

"मंग काय झालं? तुह्या माहेरचं तुह्या माहेरी वापस नेऊन राहिलो."

तिनं वेणी डोक्यात माळली. त्यानं स्वतः नीट केली, चारचौघांच्या देखत, गाडीवाल्याच्या पाठीमागे. जाड काळ्या बोटांचा माणूस. तेवढ्यापुरतं तिला काहीतरी वाटल्यासारखं झालं. मग तेही गेलं.

बगीच्याचा त्या सालचा बहर, म्हणजे झाडावरचं सगळं पीक, जैनुद्दीन नावाच्या बागवानानं घेतला होता. तो आणि त्याची बायको खुर्शीदबी बगीच्यातल्या खोपडीत, म्हणजे लहानशा झोपडीत, राहून राखण करायचे. पण नेमकं त्याच दिवशी त्यांना बार्शीटाकळीला जायचं होतं, लेकीला मूल झालं म्हणून. बगीचा दोन दिवस सुना राहणार होता.

पंजाबरावची बायको कौशल्या चतुर. ती म्हणाली, "मंग हे दोघं राहतीन न खोपडीत! राखन बी होते अन्..."

"नोको," पंजाबराव एकदम म्हणाला. "थंडी लई आहे तिथं."

"थंडी आहे म्हनूनच तं जाऊन राहिले!" कौशल्या म्हणाली आणि घरातले सगळे हसले. गोवर्धनला ऐकू आलं नव्हतं, पण हसताना पाहून तोही हसला.

पंजाबराव हसला नाही.

निघताना तो शकुनला एवढंच म्हणाला, "विहिरीपासच्या आंब्याखाली बसू नोका. मुंग्या लई आहेत."

तिसऱ्या प्रहरी दोघं बगीच्यात पोचले. जैनुद्दीन गाठोडं बांधून तयारच होता. त्यानं गोफण दिली, कंदील दिला, पोपटं कुठून येतात ते दाखवलं. मग जाता जाता थांबला.

"बेटी, वो आम के नीचे..." तो म्हणाला आणि त्यानं गाठोडं उचललं.

"मुंग्या आहेत. भाऊनं सांगितलं."

"हां," जैनुद्दीन म्हणाला. "मुंग्या."

तो गेला. खुर्शीदबीनं मात्र वळून दोनदा पाहिलं.

बगीचा सुंदर होता हो. खोटं कशाला बोला. संत्र्यांनी फांद्या वाकलेल्या, खाली पेढीचं पाणी काचेसारखं, पलीकडे ज्वारीची कणसं भरलेली. गोवर्धननं संत्रं सोललं, एक एक फोड वेगळी करून तिच्या तोंडात दिली. जिनातला माणूस, पण शिरा काढून, बिया काढून. शकुननं खाल्लं. गोड असावं.

विहिरीजवळ हात धुवायला गेली तेव्हा तिला तो आंबा दिसला.

मोठा नव्हता. खालची एक फांदी मात्र आडवी, कमरेच्या जरा वर. त्या फांदीवर साल घासून गुळगुळीत झाली होती. दोन ठिकाणी. हातभर अंतरावर.

शकुनला ते ओळखायला वेळ लागला नाही. वलगावच्या बायका वावरात काम करताना लुगड्याची झोळी झाडाला बांधतात. दोर घासून घासून फांदीवर अशाच दोन खुणा पडतात.

पण जैनुद्दीनच्या घरात झोळीतलं मूल नव्हतं. आणि खुणा ताज्या होत्या... आतलं लाकूड अजून पांढरं होतं.

खाली एकही मुंगी नव्हती.

तिनं हात धुतले आणि परत आली. गोवर्धनला काही सांगितलं नाही.

दिवस कलला. गोवर्धननं काटक्या, गोवऱ्या जमवून शेकोटी केली. निखाऱ्यात कणसं टाकली, हातावर चोळून हुरडा काढला, तिच्या ओंजळीत ओतला. सोबत कौशल्यानं दिलेली चटणी. सूर्य ज्वारीच्या मागे गेला. संत्र्याच्या झाडांत शेकडो पाखरं मुक्कामाला आली होती, त्यांचा नुसता कलकलाट चालला होता.

आणि एकदम तो थांबला.

कमी कमी होत गेला नाही. थांबला.

मग...

कर्र...

कर्र.

शकुनची ओंजळ तशीच राहिली.

कर्र... कर्र.

आधी लांब. मग आखूड. मग जरा थांबून पुन्हा.

हा आवाज वाऱ्याचा नव्हता. वारा नव्हताच. ही ओढ तिच्या ओळखीची होती. बाळंतिणीच्या खोलीत बाजेवर पडल्या पडल्या तिनं झोळीची सुतळी पायाच्या अंगठ्याला बांधली होती. तिकडच्या बायका तसंच करतात, हात कामाला मोकळे राहतात. अंगठा ओढला की झोळी जवळ येते, तेव्हा दोर लांब वाजतो. सोडला की दूर जाते, तेव्हा आखूड वाजतो. तिनं हा आवाज झोपेतही ओळखला असता.

तो विहिरीकडून येत होता.

तिनं गोवर्धनकडे पाहिलं. तो मजेत कणीस चोळत होता.

"ऐकू येऊन राहिलं काय?" ती ओरडली.

"काय?"

"काही नाई."

त्यानं कणीस खाली ठेवलं. मग नेहमीसारखा ओरडून, पण तिच्याकडे न पाहता म्हणाला,

"शकुन, मी तुले इथं काहून आनलं, मालूम आहे?"

तिनं ओंजळीतला हुरडा खाली ठेवला.

"इथं कोनी नाई. चाळ नाई, मानिकबाई नाई. इथं तू कितीबी मोठ्यानं बोल. मले सांग न... कसा होता तो?"

शकुन म्हणाली होती की त्या क्षणी तिला नवऱ्याची दया आली. चार महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी आलं, ते हे.

म्हणून ती ओरडली.

सगळं ओरडून सांगितलं. रंग तुमच्यासारखा होता. केस मानेपर्यंत होते. एक कान जरा दुमडलेला. डावी मूठ उघडायचाच नाही. रडायचा कमी, पण उचकी लागायची. शेवटच्या दिवशी दूध घेतलं नाही. मला वाटलं झोपला. मी झोळी हलवत राहिले. किती वेळ हलवत राहिले ते मला माहीत नाही. वहिनीनं सुतळी पायातून सोडवली तेव्हा मला कळलं.

विस्तवाच्या उजेडात तो तिचा चेहरा पाहत होता... असं ती म्हणाली नाही. ती म्हणाली, त्याचे डोळे माझ्या ओठांवर होते. एक शब्द सुटू नये म्हणून.

आणि तिकडे... कर्र... कर्र.

"नाव काय ठेवलं असतं?" गोवर्धननं विचारलं.

नाव तिनं मनात ठरवलं होतं. बारशाआधी नाव कोणाला सांगत नाहीत, म्हणून तिनं ते कोणालाही सांगितलं नव्हतं. आणि बारशाआधीच गेलेल्या लेकराला तर नाव ठेवतच नाहीत. हे तिला माहीत होतं. माळ्याच्या घरातल्या कोणत्याही बाईला माहीत असतं.

पण तो विचारत होता. बाप होता.

तिनं नाव सांगितलं.

"आँ?" गोवर्धन कानामागे हात धरून म्हणाला. "मोठ्यानं बोल."

तिनं पुन्हा नाव घेतलं. जीव खाऊन. पेढीच्या पलीकडच्या काठापर्यंत गेलं.

आवाज थांबला.

कर्र नाही. पाखरू नाही. शेकोटीतलं लाकूडही तडतडलं नाही.

हाक मारल्यावर लेकरू रडणं थांबवून ऐकत राहतं ना... तसं.

मग गोवर्धननं मान वळवली. विहिरीकडे.

"कोनी बोलावलं काय मले?" तो म्हणाला.

शकुनच्या अंगावर काटा आला नाही. तिला भीतीही वाटली नाही. फक्त एक गोष्ट तिच्या ध्यानात आली आणि ती तिथंच अडकली.

ज्या माणसाला चार हातांवरून बोललेलं ऐकू येत नव्हतं, तो बरोबर त्या आंब्याकडे पाहत होता.

"नाई," ती म्हणाली. "कोनी नाई बोलावलं."

रात्री काही झालं नाही, हे आधीच सांगितलं आहे. दोघं खोपडीत एका वाकळेत झोपले. त्यानं तिला जवळ घेतलं, ती गेली. कितीतरी दिवसांनी. पुढं तिला गाढ झोप लागली.

जाग आली तेव्हा तांबडं फुटलं होतं. बाजूची जागा थंड होती.

बाहेर धुकं. संत्र्याच्या झाडांचे नुसते शेंडे दिसत होते.

आणि विहिरीकडून...

कर्र... कर्र.

ती अनवाणी चालत गेली.

गोवर्धन आंब्याच्या खोडाला पाठ लावून बसला होता. अंगावर काही नाही, एवढ्या थंडीत. डोळे मिटलेले. एक पाय लांब सोडलेला. आणि त्या पायाचा अंगठा हलत होता. ओढायचा. सोडायचा. ओढायचा. सोडायचा.

अंगठ्याला सुतळी बांधलेली होती.

सुतळीचं दुसरं टोक वर फांदीकडे गेलं होतं. त्या दोन खुणांच्या मधे. तिथं काहीच नव्हतं. झोळी नाही, दोर नाही. सुतळी हवेत जिथं संपत होती, तिथं तिचं टोक लोंबत नव्हतं... ताणलेलं होतं.

ती जवळ गेली तशी सुतळी सैल पडली.

गोवर्धननं डोळे उघडले. पायाकडे पाहिलं आणि हसला.

"तूच बांधली न? मी झोपेत असताना? गंमत करते काय?"

शकुन खाली बसली. गाठ सुटेना म्हणून तिनं दातांनी तोडली. अंगठ्यावर लाल वळ उठला होता. तुटलेली सुतळी तिनं शेकोटीच्या निखाऱ्यांवर टाकली. ती जळताना कसलाच वास आला नाही.

"हो," ती म्हणाली. "मीच बांधली."

ऊन वर आलं तेव्हा पंजाबराव दुधाची कासंडी घेऊन आला. गोवर्धन नदीवर आंघोळीला गेला होता. शकुननं भावाला सगळं सांगितलं. तिच्या आवाजात काही चढउतार नव्हता. आज भाजीला काय आहे, हे सांगावं तसं सांगितलं.

पंजाबरावनं मधेच विचारलं, "कोन्या झाडाले?"

तिनं बोट दाखवलं.

त्यानं झाडाकडे पाहिलं. कासंडी कलंडली, दूध मातीत गेलं, त्यानं उचलली नाही.

"पूर होता शकुन," तो म्हणाला. "नदीकाठची पुरायची जागा पान्याखाली होती. कुठं नेऊ मी त्याले? हातात घेऊन उभा होतो पावसात. जैनुद्दीनचाचानं अन् मी मिळून... तिथंच. त्या आंब्याखाली. कोनाले सांगितलं नाई. बगीच्यात लेकरू ठेवलं म्हनून सांगितलं असतं तं बायकाईनं इथं पाय ठेवला नसता."

शकुननं ऐकून घेतलं.

"कशात गुंडाळलं होतं?" तिनं विचारलं.

"माह्या दुपट्ट्यात."

"बरं केलं. भिजला नसन."

पंजाबराव रडायला लागला. ती पाहत राहिली. मग त्यानं नाक पुसून विचारलं, "तुमी तिथं काही बोलले तं नाई?"

"नाव घेतलं."

"कोनी?"

"मी. त्याईनं विचारलं म्हनून."

पंजाबरावनं कपाळाला हात लावला. "अवं शकुन, नाव नसलेलं लेकरू आलं तसं जाते. ते कोनाचंच नसते. तू तं त्याचं बारसं करून टाकलं. बापासमोर."

पेढीकडून गोवर्धन येत होता, ओल्या केसांनी, गाणं गुणगुणत. लग्न झाल्यापासून शकुननं त्याला गाताना ऐकलं नव्हतं. बहिरा माणूस, सुराचा त्याला पत्ता नसायचा.

ते अंगाईगीत होतं. आणि सुरात होतं.

त्याच दुपारी ते अमरावतीला परतले.

इंजिन दुरुस्त झालं, जिन सुरू झालं, गोवर्धन कामावर जायला लागला. वरून पाहाल तर सगळं चांगलंच झालं होतं. नवरा खुश होता. घरी येताना कधी पेढे आणायचा, कधी वेणी. चाळीतल्या बायका म्हणाल्या, वलगावची हवा मानवली. एकदा फक्त माणिकबाईनं विचारलं,

"शकुन, तुह्या नवऱ्याचा घसा बसला काय वं? दोन-चार दिस झाले, आवाजच नाई त्याचा."

शकुनच्या तोवर लक्षात आलं नव्हतं.

गोवर्धन ओरडेनासा झाला होता. घरात पाऊल टाकलं की तो हळू बोलायचा. दार हळू लावायचा. तांब्या ठेवायचा तर आधी बोट खाली धरून मग ठेवायचा. तांब्या वाजू नये म्हणून.

पुढं त्याची रात्रपाळी लागली. दिवसा तो घरी झोपायचा. एका दुपारी शकुन धुणं वाळत घालून आत आली. खोलीत कवाडाच्या फटीतून उन्हाची एक पट्टी आली होती आणि ती गोवर्धनच्या पायावर पडली होती.

पायाचा अंगठा हलत होता.

ओढायचा... सोडायचा.

सुतळी नव्हती. पण अंगठ्याच्या बुडाशी मांस आत दबलं होतं. सुतळी रुतल्यावर दबतं तसं. ओढताना ते दबायचं. सोडताना वर यायचं.

शकुन कान देऊन उभी राहिली. तिला आता तो आवाज हवा होता. बगीच्यात ती घाबरली नव्हती, कारण ऐकू येत होतं. कर्र... कर्र... असेल तर तिचं लेकरू आहे. एवढं तिला पुरलं असतं.

तिला काहीच ऐकू आलं नाही.

"अवो," ती म्हणाली. जोरात, सवयीनं.

गोवर्धननं डोळे उघडले. ओठांवर बोट ठेवलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा तो कुजबुजला.

"हळू बोल. आत्ताच डोया लागला त्याचा."

शकुन उंबऱ्यातच खाली बसली. हातातलं ओलं लुगडं मांडीवर तसंच राहिलं. मग ती सरकत सरकत त्याच्या पायाशी गेली. स्वतःचा पाय लांब केला, त्याच्या पायाला लावून.

"मले द्या न," ती म्हणाली. "जरासक. थोडा वेळ."

त्यानं मान हलवली. रागानं नाही. समजूत घालावी तसं तो म्हणाला,

"तुह्यापाशी होता न तो इतके दिस. मी तं पाह्यलाच नव्हता."

आणि त्याचा अंगठा पुन्हा हलायला लागला.

शकुन म्हणाली, मला भीती वाटली असती तर बरं झालं असतं. मला हेवा वाटला. त्या दयेनंतर मनात पुन्हा काही आलं, आणि ते हे आलं.

पुढं त्यांना मुलं झाली. ती वाढली, त्यांची लग्नं झाली. गोवर्धन म्हातारा होऊन आपल्या अंथरुणात गेला. चांगला बाप होता, असं सगळे म्हणतात. पण त्याच्या मुलांना लहानपणापासून एक शिस्त होती. दुपारी बाबा झोपले की घरात आवाज करायचा नाही. बाबा उठतील म्हणून नव्हे, हे त्यांना फार उशिरा कळलं.

त्याला शेवटची आंघोळ घालताना घरच्यांनी पाहिलं. पायाच्या अंगठ्याला सुतळीचा वळ होता. ओला.

शकुन त्याच्या नंतर बरीच वर्षं होती. ती रोज दुपारी एक पाय लांब करून बसायची. ऐकत. कोणी विचारलं तर म्हणायची, पाय भरून आला. तिला पुन्हा कधी काही ऐकू आलं नाही.

त्या दुपारी तूर निवडताना तिनं ते नाव सांगितलं होतं. अगदी हळू, पुटपुटल्यासारखं. ऐकणाऱ्यांपैकी एकीला तेव्हा दिवस गेलेले होते. तिनं कान झाकून घेतले.

बाकीच्यांना ते नाव माहीत आहे. आमच्या घराण्यात ते कोणाला ठेवलेलं नाही. चांगलं, साधं नाव आहे, गावोगाव असतं.

इथं ते लिहिलेलं नाही. लिहिलं तर कोणीतरी मोठ्यानं वाचेल.